आढ्याला टांगलेला पाहुणा

स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप आला, तेव्हा संपादक मंडळाची अपेक्षा असणार की, हा इतिहासाचा मास्तर, शाळेच्या स्थापनेबद्दल चार पानं लिहून देईल. तो विषय आपल्यापेक्षा वरच्या तुकडीतल्या दोघांनी आधीच घेतलाय आणि ते तो माझ्यापेक्षा चांगला लिहितील. मी लिहितोय बत्तीस शिराळ्याबद्दल. आपल्या १९८१ च्या दहावीच्या तुकडीला त्याचं कारण सांगावं लागणार नाही. ‘इन्स्पेक्टर’ हा एक शब्द उच्चारला की सगळं बोर्डिंग डोळ्यांपुढं उभं राहील. पण ही स्मरणिका आपल्या मागच्यापुढच्या तुकड्यांच्या आणि गुरुजनांच्याही हातात पडणार आहे, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

शिराळा हा आज सांगली जिल्ह्यातला तालुका. आपल्या आधीच्या पिढीला तो सांगलीचा म्हणून ठाऊकच नव्हता. १ ऑगस्ट १९४९ ला जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि दक्षिणेकडच्या भागाला ‘दक्षिण सातारा’ असंच नाव दिलं गेलं. त्याचा सांगली जिल्हा झाला तो २१ नोव्हेंबर १९६० ला. आपले भूगोलाचे सर १९७८ साली सुद्धा वाळवा, शिराळा, तासगावकडच्या पोरांना ‘दक्षिण सातारकर, उभे राहा’ म्हणायचे. त्यामुळं बोर्डिंगात आपण सातारकर आणि ते दक्षिण सातारकर अशी कायमची फाळणी होती. कबड्डीत ते जिंकायचे, बुद्धिबळात आपण. आणि जनावरांच्या गोष्टींत तर त्यांच्यापुढं कोणाचंच काही चालायचं नाही.

चालवायचा प्रयत्न मात्र झाला. संगम माहुलीचा एक गडी छाती पुढं काढून सांगायचा, ‘आमच्याकडं कुत्र्याची समाधी आहे!’ गोष्ट खोटी नव्हती. छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला असं परंपरा सांगते. त्याची दगडी आठवण माहुलीला आहे. सांगली शहरातल्यानं मग गणपती संस्थानचा हत्ती काढायचा. कोल्हापूरहून आलेला एक होता, तो संस्थानच्या चित्त्यांवर यायचा. काळविटाच्या शिकारीसाठी पाळलेले, डोळ्यांवर टोपडं चढवून गाडीतून माळावर नेलेले चित्ते. हे सगळं निमूट ऐकून घेतल्यावर आमचा शिराळ्याचा मित्र एवढंच म्हणायचा, ‘तुमचं समदं राजाच्या घरी. आमच्या तर घरोघरी नाग.’

त्याचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. त्याची कारणं लेखात पुढं येतीलच. ओळखणारे ओळखतील.

बत्तीस शिराळा हे नाव आसपासच्या बत्तीस गावांचं हे ठाणं होतं म्हणून पडलं, असं सांगतात. मोरणा नदीकाठचं गाव. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक इथं आहे. गोरक्षनाथांचं ठाणं आहे. नागपंचमीची गोष्टही गोरक्षनाथांपाशीच सुरू होते. नाथ भिक्षेला महाजनांच्या दारी आले. घरची बाई आत मातीच्या नागाची पूजा करत होती, तिला भिक्षा वाढायला उशीर झाला. कारण कळल्यावर नाथ म्हणाले, खरा नाग समोर आला तर पूजशील का? बाई हो म्हणाली. नाथांनी मातीचा नाग जिवंत केला. तेव्हापासून शिराळ्याच्या बायका जिवंत नाग पुजू लागल्या, अशी ही कथा. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळं हिला मी कथाच म्हणणार. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या कथेत नाग पकडून आणणारा कोणी नाही. मातीचा होता तो जिवंत झाला, एवढंच. पकडणं नंतर आलं, आणि ते गावानं इतकं अंगात मुरवलं की पोरगं पोहायला शिकावं तसं नाग धरायला शिकायचं.

रीत अशी होती. नागपंचमीच्या आधी काही आठवडे गावातली तरणी माणसं हातात काठी आणि खोरं घेऊन शिवारात पांगायची. पावसानं माती ओली, भाताच्या खाचरांचे बांध बेडकांनी आणि उंदरांनी भरलेले. नाग असणार तर तिथंच. ओल्या मातीवरचा माग बघायचा, बिळाचं तोंड बघायचं, बांध हळूहळू उकरायचा. शेपूट हाती आली की दुसऱ्या हातानं मडकं पुढं करायचं. नागाला उजेडातून अंधारात जायचं असतंच. तो आपणहून आत शिरतो. तोंडाला फडकं बांधलं की झालं. ते मडकं घरी आणून आढ्याला टांगायचं, म्हणजे मांजर, कुत्रं, लहान पोर यांच्यापासून लांब. विषाचे दात काढायचे नाहीत, तोंड शिवायचं नाही. गारुड्यात आणि आपल्यात हाच फरक, असं शिराळकर मोठ्या अभिमानानं सांगायचे. पंचमीला महाजनांच्या वाड्यात पूजा, मग पालखी, मग अंबामातेच्या देवळाकडं सगळ्या मडक्यांची मिरवणूक. कोणाचा नाग लांब, कोणाचा फणा उंच यांची चुरस. आणि दुसऱ्या दिवशी ज्याला जिथून आणलं त्याला तिथंच सोडून यायचं.

१९७९ च्या श्रावणात आम्ही चौघं त्या घरात राहिलो. आपण नववीत होतो. साताऱ्याहून यष्टीनं कराड, पुढं पेठ नाका, तिथून शिराळा. संध्याकाळी पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. जेवण झालं आणि सोप्यात ओळीनं अंथरुणं पडली. वर आढ्याला दोन मडकी लोंबत होती. आमच्यातल्या एकानं (तो आता कराडला नावाजलेला डॉक्टर आहे, त्याचंही नाव नको) भाबडेपणानं विचारलं, ‘आजी, वर दही टांगलंय का?’

‘न्हाय रं बाळा,’ आजी म्हणाली, ‘पाव्हणा हाय. झोप तू.’

त्या रात्री डॉक्टरसाहेब झोपले नाहीत. ते रात्रभर मडक्याखाली उताणे पडून फडक्याच्या गाठीकडं बघत होते. मध्यरात्री मडक्यातून ‘फूऽऽस’ असा आवाज आला, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा. डॉक्टर अंथरुणासकट अंगणात. बाहेर पाऊस. आजी उठली, तिनं आधी मडक्याकडं तोंड करून दटावलं, ‘गप ऱ्हा की, पोरं भ्यालीत न्हवं,’ आणि मग डॉक्टरना आत घेतलं. घरातल्यांच्या दृष्टीनं दोघंही पाहुणेच होते, एक जरा जास्त भित्रा.

दुसऱ्या दिवशी घरच्या बायकांचा उपवास होता, भावासाठीचा. नाग हा बाईचा भाऊ, ही समजूत तर आपल्या सगळ्या घरांत आहे. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही, नांगर धरायचा नाही. पण पंचमीला पुरणाची दिंडं खाताना मी एक पाहिलं ते अजून डोळ्यांपुढं आहे. मित्राच्या आईनं खऱ्या, फणा काढलेल्या नागासमोर हात दोन हातांवर बसून हळदीकुंकू वाहिलं, लाह्या उधळल्या, आणि पोरगा शेजारी नागाच्या डोळ्यांपुढं एक छोटं गाडगं डावीउजवीकडं हलवत होता. नाग त्या गाडग्याकडं बघत होता, बाईकडं नाही. भक्तीचा भाग आईकडं आणि युक्तीचा भाग पोराकडं. नाग हलत्या वस्तूवर नजर ठेवतो, हे त्याला आठव्या वर्षापासून ठाऊक होतं. पुंगीवर नाग डोलतो हे आपण सिनेमात बघितलेलं; तो म्हणाला, ‘पुंगीवर न्हाय, पुंगी हलतीया म्हणून.’

एवढ्यावर हे प्रकरण थांबलं असतं तर लेख लिहायची गरज नव्हती. आम्ही तिघं-चौघं सोमवारच्या शाळेसाठी परतलो. मित्र दोन दिवसांनी आला, हातात फडकं बांधलेलं मडकं घेऊन. त्यात नाग नव्हता. तो नाग घेऊन आला असता तर मी इथं लेख न लिहिता साक्ष दिली असती. मडक्यात होती धामण. बिनविषारी, पिवळसर, आपल्या हातानं मोजली तर चार हात भरेल एवढी, अजून वाढीची.

यष्टीत काय झालं ते त्यानं रात्री बोर्डिंगात सांगितलं. कंडक्टरनं विचारलं, मडक्यात काय? हा म्हणाला, दही. शेजारी बसलेल्या म्हातारीनं ते ऐकलं. पेठ नाक्यापासून उंब्रजपर्यंत ती गप्प होती. उंब्रजला तिनं पिशवीतून वाटी काढली. ‘बाळा, इरजणापुरतं दे की रं वाईच.’ हा म्हणाला, ‘आज्जी, अजून लागलं न्हाय ते.’ म्हातारी म्हणाली, ‘हलवू नगंस मग.’ साताऱ्यापर्यंत ती स्वतः मडक्याला हात लावून बसली, हिसका बसू नये म्हणून.

धामण आणण्यामागं त्याचा हिशेब होता. आपल्या बोर्डिंगच्या कोठीत उंदरांनी काय उच्छाद मांडला होता ते आठवा. ज्वारीची पोती खालून कुरतडलेली, भाकरीत लेंडी निघाली म्हणून झालेला संप आठवा. कोठीचा आचारी मामा पिंजरे लावायचा आणि उंदीर पिंजऱ्यातली भाकरी खाऊन निघून जायचे. मित्रानं रात्री नऊनंतर कोठीच्या खिडकीतून धामण आत सोडली. पहाटे प्रार्थनेआधी जाऊन तो तिला मडक्यात घ्यायचा. कधी ती सापडायची, कधी पोत्यांमागं दडून बसायची, मग दिवसभर तिथंच. त्या महिन्यात शाळातपासणी व्हायची होती. सगळे गुरुजी ‘इन्स्पेक्टर येणार, इन्स्पेक्टर येणार’ म्हणत होते. रोज रात्री कोठी तपासणाऱ्या त्या जनावराचं नाव इन्स्पेक्टर पडलं ते असं.

धामणीबद्दल आपल्याकडं काय काय समजुती! गाईच्या पायांना वेढा घालून दूध पिते, शेपटीचा फटका मारून म्हैस वाळवते. दूध कोणताच साप पीत नाही. अगदी तहानेला आला तर पाणी म्हणून तोंड लावेल तेवढंच. धामण खाते उंदीर, बेडूक, सरडे, पाखरं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं बिनपगारी राखणदार. पण लांबी आणि चपळाई बघून लोक तिला नाग समजतात आणि ठेचतात. आमच्या शिराळकराला हे सगळं तोंडपाठ होतं. पुढं शाळेच्या ग्रंथालयात हाफकिन संस्थेतल्या देवरसांचं सापांवरचं पुस्तक माझ्या हाती आलं तेव्हा मी पडताळून पाहिलं; पोराच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता.

दहाबारा दिवसांत कोठीत उंदीर दिसेनासे झाले. आचारीमामांना वाटलं, पिंजऱ्यांना यश आलं. रेक्टर सरांना वाटलं, त्यांच्या स्वच्छता मोहिमेला. तपासणीच्या दिवशी साहेब आले, वर्ग पाहिले, बोर्डिंग पाहिलं, आणि कोठीत शिरून म्हणाले, ‘वा! धान्याची कोठी असून उंदराचा मागमूस नाही. काय करता?’ रेक्टर सरांनी नम्रपणे सांगितलं, ‘देखरेख असते, साहेब.’

त्या वाक्याला मान देऊनच की काय, देखरेख करणारी पोत्यांवरून खाली उतरली.

साहेब त्यांच्या वयाच्या मानानं चपळ निघाले. मोजमापाच्या काट्यावर उभं राहिलेले ते माझ्या पाहण्यातले पहिले अधिकारी. आचारीमामांनी हातातलं पातेलं टाकून जमिनीवर डोकं टेकलं, ‘नागोबा आला! चुकलं माकलं माफ कर!’ काट्यावरून साहेबांनीही हात जोडले. कोणी काठी मागितली, कोणी घासलेट. तेवढ्यात गर्दीतून आमचा मित्र पुढं झाला, ‘काय बी करत न्हाय ती, सर’ म्हणत त्यानं तिला दोन्ही हातांवर अलगद घेतली आणि सगळ्यांसमोर, सवयीनं, म्हणाला, ‘चल इन्स्पेक्टर, मडक्यात.’

साहेबांनी काट्यावरूनच विचारलं, ‘काय म्हणाला हा?’

पुढची शांतता आपल्यापैकी कोणीही विसरलेलं नाही.

रेक्टर सर हे छडीबद्दल प्रसिद्ध होते. त्या संध्याकाळी मित्राला खोलीत बोलावलं तेव्हा बाहेर आम्ही कान टवकारून उभे होतो. आवाज आला नाही. सरांनी त्याला विचारलं, कुठून आणलीस? शिराळ्याहून. तिथं काय रीत आहे? जिथून धरली तिथं सोडायची. मग इथं का ठेवलीस? यावर हा गप्प. सरांनी त्याला यष्टीचं भाडं दिलं आणि शनिवारी जाऊन तिला तिच्या बांधावर सोडून यायला सांगितलं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी सोडून मोकळं होता आलं असतं. सरांनी ते केलं नाही. मडकं पुन्हा यष्टीत चढलं. आणि सोमवारी विज्ञानाच्या तासाला सरांनी त्याला फळ्याशी उभं केलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार विषारी जनावरं ओळखायची कशी, हे सबंध तास त्यानं आम्हाला सांगितलं. तीन विषयांत नापास होणारा मुलगा त्या दिवशी एकदाही अडखळला नाही.

त्या तासाची किंमत दिवाळीच्या सुट्टीआधी कळली. रात्रीची वेळ, दिवे गेलेले. वळकटी सोडताना एकाच्या चादरीतून बारीक, काळं, पांढऱ्या पट्ट्यांचं जनावर पडलं. आमच्यातला एक धिटाईनं म्हणाला, कवड्या आहे, बिनविषारी, आणि उचलायला वाकला. मित्रानं त्याला मागून खेचून आडवा केला. कंदील आणून दाखवलं: पट्टे डोक्याकडं पुसट आणि शेपटीकडं ठळक, म्हणजे मण्यार. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि मागं फिके होत जातात. मण्यार रात्री हिंडते, झोपलेल्याला चावते, आणि दंश इतका नाजूक की पुष्कळदा माणसाला जागही येत नाही. तो उचलायला वाकलेला गडी या मेळाव्याला नातवंडांसह येतोय.

पुढच्याच जानेवारीत, १९८० ला, पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास राहिले. सगळ्या वर्तमानपत्रांत ती बातमी होती. बोर्डिंगात आम्ही ती मोठ्यानं वाचली. शिराळकर ऐकून म्हणाला, ‘बहात्तर तास? आमची आजी महिना काढती.’ थोड्या वेळानं त्यानं विचारलं, ‘त्यांच्या सापांनी खाल्लं काय तेवढ्यात?’ हा प्रश्न आम्हा कोणालाच सुचला नव्हता.

आणि शिराळ्याच्या इतिहासातला खरा प्रश्न तोच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ साली. म्हणजे आम्ही ज्या मडक्याखाली झोपलो ते मडकं तेव्हाच बेकायदेशीर होतं. पण १९७९ साली शिराळ्यात ते कोणी बोललं नाही, साताऱ्यात कोणी बोललं नाही, आणि कोठीतले साहेब तर मुळीच बोलले नाहीत. उलट गावाचं नाव होत होतं, लांबून लोक, कॅमेरेवाले, परदेशी पाहुणे येत होते. बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले, गर्दी वाढली, मंडळं वाढली. पूजेला एक नाग लागतो. चुरशीला पुष्कळ लागतात. आजीनं दटावलेला घरचा पाहुणा आणि ढोल-ताशांच्या गाडीवर तासनतास फणा काढायला लावलेलं जनावर यांत फरक आहे, हे शिराळ्यातल्या जुन्या माणसांनाही कळत होतं. शिवाय उन्हाळ्यात घातलेली अंडी फुटायचा हंगाम साधारण याच सुमाराचा. त्या दिवसांत बांध उकरले की काय होतं, हे खोरं चालवणाऱ्याला सांगायला लागत नाही.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि २०१४ च्या आदेशानंतर जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणुका बंद झाल्या. पंचमीला वनखात्याची पथकं आणि पोलीस गावात तळ देऊ लागले. गावाला ते फार लागलं. शिराळ्यात मी त्या वर्षानंतर दोनदा गेलो. वाड्यात पूजा होते, पालखी निघते, अंबामातेच्या दारी बायकांची रांग असते आणि पाटावर मातीचा नाग असतो. नाथांनी जिवंत केलेला नाग न्यायालयानं पुन्हा मातीचा केला, असं तिथला एक म्हातारा मला म्हणाला. तो चिडून म्हणाला होता. मला स्वतःला न्यायालयाचं म्हणणं पटतं, आणि हे मी मित्राच्या तोंडावर त्याच्याच सोप्यात बसून सांगितलंय. महिनाभर मडक्यात उपाशी राहणं ही नागाच्या बाजूनं पूजा नव्हे. पण त्या घरातून जी विद्या येत होती, माग काढण्याची, ओळखण्याची, न घाबरता न मारता दूर करण्याची, तिचं काय करायचं याचं उत्तर आदेशात नव्हतं, आणि ते देणं न्यायालयाचं कामही नव्हतं.

मित्रानं त्याचं आपल्यापुरतं उत्तर शोधलं. त्यानं कोर्टाविरुद्ध मोर्चात भाग घेतला, घोषणा दिल्या, आणि घरी आल्यावर पंचायतीच्या फळ्यावर स्वतःचा फोन नंबर लिहून आला. कोणाच्या घरात, गोठ्यात साप निघाला तर मारू नका, मला बोलवा. गेली काही वर्षं तो वनखात्याला कळवून साप उचलतो आणि गावाबाहेर सोडतो. मडकं नाही, आता प्लॅस्टिकची बरणी आणि लोखंडी आकडा. आकडा त्याला आवडत नाही. ‘काठी बरी, आकड्यानं बरगडी दुखती त्याची,’ म्हणतो. बायको म्हणते, पूर्वी वर्षातून एक महिना पाहुणे असायचे, आता बारा महिने.

२०२५ च्या नागपंचमीला एक नवी गोष्ट घडली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं शिराळ्यातल्या २१ जणांना मोजक्या दिवसांसाठी नाग पकडायची परवानगी दिली. कारण काय, तर शिक्षण आणि पारंपरिक ज्ञानाचा प्रसार. करमणूक नाही, व्यापार नाही, आणि नंतर जनावर सुखरूप निसर्गात सोडायचं. बातमी वाचून मी त्याला फोन केला. म्हटलं, अरे, रेक्टर सरांनी १९७९ साली विज्ञानाच्या तासाला जे केलं तेच दिल्लीनं केलंय. तो हसला. मग मी विचारलं, एकवीस जणांत तुझं नाव आहे का? तो म्हणाला ते सांगत नाही, स्मरणिकेत छापशील. पण पुढं त्यानं जे बोललं ते छापायला हरकत नाही असं तोच म्हणाला. त्याचं म्हणणं, एकवीस माणसं नाग धरून दाखवतील, पोरं बघतील, टाळ्या वाजवतील. पण पोरांना बांधावर नेऊन माग दाखवायला कोण आहे? आता बांधच राहिले नाहीत, सगळीकडं ऊस, आणि उसात रात्री पाणी पाजायला जाणाऱ्याच्या पायात बूट नाही. त्याला तिथं घोणस भेटते. त्याला सांगायचं असेल तर मिरवणुकीत सांगून उपयोग नाही, पाणी पाळीच्या रात्री मोटरच्या खोलीत जाऊन सांगावं लागतं. तो जातो. बॅटरी वापर, गुडघ्यापर्यंत बूट घाल, चावलाच तर दोर आवळू नको, ब्लेड मारू नको, मांत्रिकाकडं जाऊ नको, हलू नको, सरळ सरकारी दवाखाना. मागच्या पावसाळ्यात त्यानं स्वतः दोघांना मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात पोचवलं. दोघंही घरी आले.

रेक्टर सर आज नाहीत. त्यांच्या त्या तासाची नोंद शाळेच्या कोणत्या दप्तरात असेल असं वाटत नाही, म्हणून ती इथं करून ठेवली. तपासणीच्या अहवालात मात्र आपल्या बोर्डिंगच्या कोठीबद्दल चांगला शेरा पडला होता, असं आचारीमामा निवृत्त होईपर्यंत सांगत असत. शेरा नेमका कोणासाठी होता यावर त्यांचं आणि आमचं कधी एकमत झालं नाही.

मित्र मेळाव्याला येतोय. जुन्या बोर्डिंगच्या ज्या खोलीत बाहेरगावच्या मंडळींची उतरायची सोय केली आहे, तिथंच तो असेल. मडकं आणणार नाही, असं त्यानं संयोजन समितीला फोनवर कबूल केलं आहे. डॉक्टरसाहेबांनी ते त्याच्याकडून लेखी मागितलं आहे.